शेणखतात सापडलेल्या जाड पांढऱ्या अळ्या : यांचं पुढे काय होतं?

साखळीची_सून | १४ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

घरामागे शेणखताचा खड्डा आहे. पावसाआधी माडांना सारें (खत) घालायचं म्हणून काल उपसायला घेतला. वरचा थर कोरडा ठणठणीत, पण हातभर खाली फावडं गेलं आणि एकेका घमेल्यात सात-सात, आठ-आठ पांढऱ्या अळ्या निघायला लागल्या. लहानसहान नाहीत हो, माझ्या अंगठ्याहून जाड. आकडीसारख्या वाकलेल्या, डोकं टणक आणि चिंचोक्याच्या रंगाचं. शेपटाकडे निळसर काळपट, म्हणजे पोटातलं शेण कातडीतून दिसतं. दोन्ही कुशींवर बटणं शिवावीत तसे तांबूस ठिपके, एका रांगेत.

सासूबाईंनी क्षणाचाही विचार न करता सगळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्यांची चवथच (सणाची मेजवानीच) झाली. पण माझी मुलगी चौथीत आहे, नुकतंच फुलपाखराचं जीवनचक्र शिकलीय. तिने तीन अळ्या गुपचूप लोणच्याच्या जुन्या बरणीत ठेवल्या. शेणखतासकट, झाकणाला भोकं पाडून. नावंही ठेवून झाली: लाडू, बटाटा आणि दुधी. आता रोज विचारते, "आई, यांचं फुलपाखरू कधी होणार?"

माझी काळजी वेगळी आहे. या माडाची मुळं खातात का? हे खत घालू की नको? आणि बरणीतल्या तिघींचं खरंच काय होणार आहे?

घाटावरचा | १४ मार्च, रात्री १०.०५

ताई, हुमणी! एक मिनिट थांबू नका. आमच्या उसाचं वाटोळं करते ही. मुळं कुरतडते, ऊस वरून पिवळा पडतो आणि ओढला की हातात येतो. खत उन्हात पसरा आणि सगळ्या मारा.

कुळागरवाला | १४ मार्च, रात्री १०.३०

घाटावरचे भाऊ, दिसायला सख्ख्या बहिणी, पण ही तुमची हुमणी नव्हे. आमच्याकडे शेणात असली जाडी अळी सापडली की पहिला संशय गेंडा भुंग्यावर. अळी शेणखत, पालापाचोळा, कुजलेला माडाचा ओंडका खाते. जिवंत मुळाला तोंड लावत नाही. माडाची वाट लावतो तो मोठा झालेला भुंगा. रात्री शेंड्यावर उतरतो, न उमललेल्या कोंबात बीळ पाडतो आणि आत शिरून रस चोखतो. नवीन चुडत (झावळी) उमलतं तेव्हा कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी-त्रिकोणी दिसतं. घरातल्या माडांकडे मान वर करून बघा, असलं एखादं चुडत नक्की दिसेल.

साखळीची_सून | १५ मार्च, सकाळी ७.१५

बघितलं. विहिरीकडच्या माडाची दोन चुडतं अगदी तश्शी. इतकी वर्षं मला वाटायचं वाऱ्याने फाटतात.

किडेमास्तर | १५ मार्च, दुपारी ३.२०

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, मुक्काम म्हापसा. धागा बघून राहवलं नाही, तेव्हा थोडं लांबण लावतो.

साखळीच्या सूनबाई, मुलीला सांगा, फुलपाखरू नाही होणार, पण गोष्ट तीच आहे. अंडं, अळी, कोष, प्रौढ. भुंगे, फुलपाखरं, माश्या, डास, मुंग्या, मधमाश्या या सगळ्यांचा हाच चार खोल्यांचा प्रवास. याला पूर्ण रूपांतरण म्हणतात. झुरळ, नाकतोडा, ढेकूण, वाळवी यांचं तसं नाही. अंड्यातून निघतं ते पिल्लूच आईबापासारखं दिसतं, फक्त पंख नसतात. कात टाकत टाकत ते मोठं होतं आणि शेवटच्या कातीला पंख फुटतात (ढेकणाला मात्र कधीच नाही). कोषाची भानगडच नाही. हे अपूर्ण रूपांतरण. 'अपूर्ण' या शब्दावर माझा जुना राग आहे. झुरळाचं काय अपूर्ण राहिलंय? आपल्या सगळ्यांना पुरून उरलंय ते.

गेंडा भुंग्याचं वेळापत्रक साधारण असं. मादी शेणात किंवा कुजक्या लाकडात अंडी घालते, आयुष्यभरात पन्नास ते शंभर. आठ-दहा दिवसांत, थंडी असली तर थोडं उशिरा, अळी निघते. ती दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात आणि त्यात तीन ते सहा महिने जातात. खाणं आणि वाढणं, दुसरं काम नाही. मग पंधरा दिवस ते महिनाभर कोषात. भुंगा तयार झाल्यावरसुद्धा अंग कडक होईपर्यंत दोन-तीन आठवडे तिथेच पडून राहतो. बाहेर आल्यावर काही महिने जगतो.

एक गंमत मुलीला दाखवा. अळीचं अंग फुगत जातं, पण डोकं फुगत नाही. डोक्याचं कवच टणक असतं, ते दोन कातींच्या मधे तेवढंच राहतं. कात टाकली की एकदम मोठं होतं. डोक्याची रुंदी मोजली की अळी कितव्या इयत्तेत आहे ते कळतं. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडच्या शेवटच्या इयत्तेतल्या दिसतात.

वाचनमात्र | १५ मार्च, दुपारी ४.००

मास्तर, दिव्याखाली छोटे छोटे भुंगे येतात ते वाढून गेंडा भुंगे होतात का?

किडेमास्तर | १५ मार्च, दुपारी ४.१०

नाही! पंख फुटले की वाढ संपली. छोटा भुंगा म्हणजे भुंग्याचं पोर नव्हे. एक तर ती जात वेगळी किंवा अळीपणी पोटभर खायला मिळालं नाही म्हणून बुटका राहिलेला. भुंग्याची उंची-जाडी सगळी अळीच ठरवून ठेवते.

हरमलची_वाळू | १५ मार्च, संध्याकाळी ६.४५

आमच्याकडे माडाच्या शेंड्यात वाळू आणि मीठ टाकतात, आजोबांपासून. वाळूने भुंग्याच्या सांध्यात कचकच होते म्हणे. पाडेली (नारळ पाडणारा) वर चढला की लोखंडी आकडी घेऊन जातो आणि बिळातून भुंगा ओढून काढतो. बिळाच्या तोंडाशी चघळलेला भुसा दिसला की आत भुंगा आहे समजायचं.

मध्ये बाजारातल्या एका दुकानदाराने कसलीशी पांढरी पावडर गळ्यात मारली. दोन लहान माडांच्या सुया (न उमललेले कोंब) जळल्या आणि भुंगा मजेत. तेव्हापासून परत वाळू.

कुळागरवाला | १५ मार्च, रात्री ८.३०

वाळूत निंबोळी पेंड मिसळा. पाव किलो पेंड आणि तेवढीच वाळू, वरच्या दोन-तीन चुडतांच्या बेचक्यांत, वर्षातून तीनदा. लहान माडाला डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकली तरी चालतं.

खरी भीती गेंड्याची नाहीच. गेंड्याने बीळ पाडलं की त्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. लाल भुंगा, पुढे सोंड. तो जखमेत अंडी घालतो आणि त्याची अळी खोडाच्या आत जगते. तिला पाय नसतात. नुसता मांसाचा गोळा, पण जबडा असा की खोडाला कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो. कोषसुद्धा माडाच्याच काथ्याचा, आतल्या आत गुंडाळलेला. अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळं खोडात उरकतं, बाहेर कळत नाही. कळतं तेव्हा शेंडा कोसळलेला असतो. माझे तीन माड असे गेले. गेंड्याची अळी माडाला निरुपद्रवी आणि भुंगा वाईट. सोंड्याचं बरोबर उलट.

घाटावरचा | १५ मार्च, रात्री ९.००

बरं, मागे घेतो. आमची हुमणी मुळं खाते आणि तिचा भुंगा पहिल्या पावसात बाहेर पडून कडुनिंब-बाभळीचा पाला खातो. पण तोंडावरून ओळखायची कशी? मला तर सगळ्या सारख्याच.

किडेमास्तर | १५ मार्च, रात्री ९.३०

तोंडावरून नाही, बुडावरून! अळी उलटी धरून शेवटच्या खंडाची खालची बाजू भिंगातून बघा. तिथल्या केसांची नक्षी जातीजातीत वेगळी असते. हुमणीचे तज्ज्ञ तेच बघतात. हसू नका, शास्त्र आहे.

साखळीची_सून | २९ मार्च, रात्री ९.१५

बरणीचा अहवाल. लाडू आणि बटाटा खताच्या आत दडी मारून असतात. दुधी आजारी आहे असं वाटतंय. खत बदलताना तिघींना वर्तमानपत्रावर ठेवलं. लाडू आणि बटाटा कुशीवर पडून वळवळत राहिल्या, पुढे सरकेनात. दुधी मात्र उताणी झाली, पाय आभाळाकडे, आणि तशीच पाठीवर सरकत कागदाच्या टोकापर्यंत गेली. सरळ केली तर परत उताणी. मुलीला रडू फुटलं, "ती मरतेय." खरंच मरतेय का?

किडेमास्तर | २९ मार्च, रात्री ९.२०

सूनबाई, कोंबड्यांना देऊ नका!! दुधी ठणठणीत आहे. फक्त ती गेंडा भुंगा नाही.

पाठीवर चालणारी अळी म्हणजे फुलभुंग्याची. या कुळातल्या अळ्यांची पाठ स्नायूंनी भरलेली आणि बारीक ताठ केसांनी भरलेली असते. पाय असून आखूड, म्हणून पाय वर करून पाठीच्या लाटांवर सरकतात. आणि चांगल्या वेगात. कुजकं खाऊन बारीक लेंड्यांचं खत करतात. एका खड्ड्यातून दोन जाती उचलल्यात तुम्ही.

साखळीची_सून | २९ मार्च, रात्री ९.४०

म्हणजे त्या दिवशी कोंबड्यांनी खाल्लेल्यांत अर्ध्या निरपराध होत्या?

रातकिडा | ३० मार्च, रात्री ११.५०

हा धागा वाचून वाळपईहून लिहितोय. मी काजव्यांच्या मागे असतो. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरींच्या सुमारास म्हादईच्या जंगलाकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात तेव्हा लोक गाड्या काढून येतात. पण काजवा हा भुंगाच आहे आणि त्याची अळी दाखवली तर कुणी ओळखत नाही. चपटी, खवल्यांच्या पट्ट्यांची, चिमुकल्या खवले मांजरासारखी. गोगलगायी खाते. गोगलगायीला चावून आधी सुन्न करते, मग तिचं मांस पातळ करून पिते. आणि हो, अळीसुद्धा उजेड देते, शेपटाशी, पालापाचोळ्यात मंद. पावसात मोबाईलची बत्ती बंद करून पाच मिनिटं बसा, दिसेल.

काही जातींत तर मादीला पंखच येत नाहीत, शेवटपर्यंत अळीसारखीच दिसते. वर उडणारे नर, ती खाली गवतात दिवा लावून बसलेली.

उजेडाचा खेळ बहुतेक जातींत दोन-तीन आठवड्यांचा. त्याआधीचे महिने ती अळी तुमच्या पायाखाली. मग 'काजवा' कोणाला म्हणायचं?

फुलराणी_फोंडा | ३१ मार्च, सकाळी ८.००

किती सुंदर! अळी कोषात मरते आणि त्यातून नवा जीव जन्माला येतो. निसर्गाचा चमत्कार. तो संदेश वाचला असेल ना, माणसाने दयेपोटी कोष कापला आणि फुलपाखरू पांगळं झालं, कारण धडपडीनेच पंखांत बळ येतं. 🙏🦋

किडेमास्तर | ३१ मार्च, सकाळी ११.४०

बाय, संदेश मीही पन्नासदा वाचलाय. कोष उघडू नये हे खरं, पण कारण वेगळं. पंख बाहेर आल्यानंतर फुलतात. फुलपाखरू लटकून अंगातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं. लटकायला जागा मिळाली नाही तर धडपड कितीही केली तरी पंख चुरगळलेलेच वाळतात.

आता 'मरते'बद्दल. पूर्वी मीही वर्गात सांगायचो की कोषात अळीचा रस होतो आणि रसातून फुलपाखरू घडतं. अर्धसत्य आहे ते. अळीचे बरेचसे स्नायू आणि आतडं मोडतं हे खरं. पण पंख वगैरे घडवणाऱ्या पेशींच्या चकत्या अळीच्या अंगात आधीपासून घडी घालून ठेवलेल्या असतात. फळमाशीत त्या फार चांगल्या अभ्यासल्यात. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी एकाच जिवंत कोषाची क्ष-किरण छायाचित्रं रोज काढली, आपल्या सीटी स्कॅनसारखी. श्वासनलिका पहिल्या दिवसापासून जागच्या जागी दिसल्या. रसाची बाटली नाही ती. माणसं आत राहत असताना घराची दुरुस्ती चालावी, तसं.

आणि ऐका. २००८ साली अमेरिकेत तंबाखूवरच्या मोठ्या पतंगाच्या अळ्यांना एक विशिष्ट वास देऊन विजेचा हलका झटका दिला. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. कोषात गेल्या, पतंग झाल्या आणि पतंगांनीही तो वास टाळला. शेवटच्या इयत्तेत शिकवलेलं लक्षात राहिलं, आधी शिकवलेलं नाही. मेली असती तर आठवलं असतं का?

फुलराणी_फोंडा | ३१ मार्च, दुपारी १२.१५

बापरे. संदेश पुसला.

काजूची_बी | ३१ मार्च, रात्री १०.२०

आमचं सत्तरीत काजूचं भाट (बाग) आहे. रोठ्याबद्दल (काजूचं खोड पोखरणारा भुंगा) कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला की समजायचं आत रोठा आहे. अळी सालीखाली पोखरत मुळांपर्यंत जाते. पान पिवळं पडेपर्यंत झाड गेलेलं असतं. गेल्या वर्षी असंच एक झाड फोडलं तर आतून अंड्यासारखी पांढरी कुपी निघाली. मला वाटलं पालीचं अंडं. नखाने फुटेना. फोडली तर आत लांब मिशांचा लालसर भुंगा, पाय दुमडून झोपलेला! अळीने स्वतःभोवती चुन्याची खोली बांधली होती.

किडेमास्तर | ३१ मार्च, रात्री १०.४५

चुन्याचीच. हा रोठा कोषात जाण्याआधी चुन्याचं कवच करतो. सोंड्याचा काथ्याचा कोष, याचा चुन्याचा, आणि दुधी बहुतेक माती-लेंड्यांचा करील. जे हाताशी असेल त्याचं घर.

याहून भारी म्हणजे आंब्यावरच्या लाल मुंग्या, हुमले. पानं शिवून घरटं करतात ना? मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही. ते फक्त अळीला येतं. म्हणून कामकरी मुंग्या अळीला जबड्यात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात, विणकराच्या धोट्यासारखी. घरासाठी सगळं रेशीम देऊन झालं की त्या अळीला स्वतःसाठी रेशमाचा कोष उरत नाही, ती उघडीच कोषावस्थेत जाते. मानकुराद आंबे काढताना त्या चावतात तेव्हा हे आठवून थोडी माया येते. फार नाही.

साखळीची_सून | २२ एप्रिल, रात्री ८.५०

वाईट बातमी. बटाटा गेली. चार दिवस हालचाल नव्हती. अंग मऊ पडायच्या ऐवजी खडूसारखं कडक झालं, मग वर पांढरी बुरशी, आणि आज ती शेवाळी हिरवी झालीय. बोट लावलं तर पूड. मुलीने तुळशीमागे पुरली. दुधीचा पत्ता नाही. बरणीच्या तळाशी काचेला चिकटून मातीचं एक गोल अंडं दिसतंय, लिंबाएवढं.

कुळागरवाला | २२ एप्रिल, रात्री ९.३०

ताई, बटाटाने जाता जाता तुमचं भलं केलंय. अशी पांढऱ्यावरून हिरवी होणारी बहुधा मेटारायझियम बुरशी. ती भुंग्यांच्या अळ्यांना मारते, म्हणून लोक मुद्दाम विकत आणून खतात मिसळतात. पुरली तिथून उकरा आणि खड्ड्यातल्या ओल्या खतात कालवा.

किडेमास्तर | २२ एप्रिल, रात्री १०.००

मुलीला विचारून उकरा. आणि दुधीला ती लागू शकते, म्हणून बरणीतलं वरचं खत बदला, पण मातीच्या अंड्याला हात लावू नका. दुधी आत आहे.

गेंड्याचा आणखी एक वैरी सांगतो. १९०९ मध्ये हा भुंगा चुकून सामोआ बेटांवर पोचला. तिथे त्याला खाणारं-मारणारं कुणी नव्हतं, माडांची धूळधाण झाली. १९६३ मध्ये मलेशियात एका जर्मन शास्त्रज्ञाला गेंडा भुंग्याच्या आजारी अळ्यांत विषाणू सापडला. तो १९६७ मध्ये सामोआत सोडला आणि भुंगे आटोक्यात आले. खुबी अशी की आजारी भुंगा लगेच मरत नाही. तो उडत राहतो, अंडी घालायच्या जागांवर जातो आणि विष्ठेतून विषाणू तिथे पेरून येतो.

वाचनमात्र | २३ एप्रिल, दुपारी १.३०

एक बाळबोध प्रश्न. अळीला कळतं कसं की आता खाणं पुरे, कोषात जायचं?

किडेमास्तर | २३ एप्रिल, रात्री ९.१०

बाळबोध कसला, यावर माणसांनी आयुष्यं घालवली.

दोन संप्रेरकं. एक म्हणतं "कात टाक". दुसरं, मेंदूमागच्या चिमुकल्या ग्रंथीतून येणारं, म्हणतं "लहानच राहा". दोन्ही असली तर अळी कात टाकून पुन्हा अळीच होते. ती पुरेशी मोठी झाली की 'लहानच राहा'वालं ओसरतं आणि पुढच्या कातीला कोष होतो. कात टाकायला लावणारं संप्रेरक १९५४ मध्ये जर्मनीत शुद्ध स्वरूपात मिळालं. त्यासाठी ५०० किलो रेशीमकिड्यांचे कोष लागले आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही.

दुसऱ्याची गोष्ट जास्त मजेदार. साठच्या दशकात कारेल स्लामा नावाचे शास्त्रज्ञ प्रागहून हार्वर्डला गेले, सोबत आपले लाल ढेकणासारखे किडे घेऊन. प्रागला ते सुखाने वाढायचे. अमेरिकेत ते मोठेच होईनात. पाचव्या अवस्थेनंतर पंख फुटायच्या ऐवजी सहावी अवस्था, आकाराने राक्षस पण पोरच, आणि मग मरायचे. खाणं तपासलं, पाणी तपासलं. शेवटी दोष सापडला बरणीत अंथरलेल्या कागदी रुमालात. मग त्यांनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली. अमेरिकन वर्तमानपत्रांवर किडे मोठे होईनात, लंडनच्या वर्तमानपत्रावर झाले! अमेरिकेतला कागद बाल्सम फर नावाच्या झाडापासून व्हायचा आणि त्या झाडात 'लहानच राहा'सारखंच रसायन असतं. किड्यांना पोरपणात अडकवून ठेवायची झाडाची युक्ती, कागद झाल्यावरही शाबूत. पुढे याच विचाराने मेथोप्रीनसारखी औषधं आली. ती डासांच्या पाण्यात टाकली की कोषातून डास बाहेर पडत नाही.

घाटावरचा | २३ एप्रिल, रात्री ९.४०

मास्तर, आमच्या थोरल्यालाही कुणीतरी तो कागद अंथरलाय. बत्तीस पूर्ण.

साखळीची_सून | ११ मे, रात्री १०.३०

लाडूचा कोष झाला! आठवडाभर आधी पिवळट पडली होती, खाणं बंद, पोट रिकामं, शेपटाचा काळेपणा गेला. खत दाबून दाबून स्वतःभोवती गुळगुळीत पोकळी केली, नशिबाने काचेला लागून. काल सकाळी पाहिलं तर सुरकुतलेली कात एका बाजूला आणि मधे गूळपोळीच्या रंगाचा कोष. बोट लावलं तर पोट गोल फिरवतो! मला वाटायचं कोष म्हणजे झोप. पाय छातीशी दुमडलेले, पंखांच्या पिशव्या बाजूला, आणि डोक्यावर शिंग. अळीच्या डोक्यावर काहीच नव्हतं. हे कुठून आलं?

सासूबाई दोन महिने "त्या घाणीला स्वयंपाकघराबाहेर ठेव" म्हणत होत्या. काल चष्मा लावून पंधरा मिनिटं बसल्या.

रातकिडा | ११ मे, रात्री ११.१५

फोटो! आणि झोप नव्हेच. डासाचा कोष तर पाण्यात कोलांट्या मारत पळतो. खात नाही एवढंच.

साखळीची_सून | ५ जून, सकाळी ६.३०

परवा रात्री पाऊस. काल सकाळी लाडू बाहेर, म्हणजे पोकळीतच, पण कोषाची साल टाकलेली. काळा भुंगा म्हणून वाट बघत होतो, तर पाठ लालसर आणि पंखांची झाकणं दुधासारखी पांढरी. हात लावू दिला नाही मुलीला. संध्याकाळपर्यंत झाकणं काथाच्या रंगाची झाली.

आणि दुधी! मातीचं अंडं एका बाजूने फुटलंय. आत तपकिरी चपटा भुंगा, पाठीवर पांढरे शिंतोडे, कुणी चुना उडवल्यासारखे. मुलीने मोगऱ्यावर ठेवला. दहा मिनिटं मिशा पुसत बसला आणि भुर्रकन गेला. जाताना मात्र सरळ, उताणा नाही.

किडेमास्तर | ५ जून, सकाळी ८.००

लाडू अजून दोन-तीन आठवडे आत राहील, कडक होईपर्यंत. बुडाशी तांबूस केसांचा झुपका आहे का बघा. झुपका असला तर मादी. शिंग मोठं आणि झुपका नसेल तर नर.

साखळीची_सून | ५ जून, सकाळी ८.२०

झुपका नाही. लाडू म्हणजे तो लाडू. तीन महिने "ती" म्हणत होतो.

कुळागरवाला | २६ जून, रात्री ९.००

ताई, आता तो काळा झाला असेल. पुढचं काय ठरवलंत? सोडू नका हो. सोडलात तर थेट विहिरीकडच्या माडावर जाईल.

साखळीची_सून | २८ जून, रात्री १०.४५

घरात तीन दिवस याच्यावरून भांडण. मुलगी म्हणे सोडायचा. नवरा म्हणे शेजाऱ्यांचे माड आहेत, त्यांना काय सांगू? शेवटी सासूबाईंनी तोड काढली: बरणीतच राहू दे, उसाचा तुकडा दे, जगेल तितके दिवस जगेल. आता लाडू स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. रात्री बरणीच्या काचेवर शिंग आपटतो, टक् टक्. हाकललं की पोट घासून चर्र असा आवाज करतो.

विहिरीकडच्या माडाला पेंड-वाळू घातली. पाडेल्याने आकडीने दोन भुंगे काढले, दोन्ही माद्या.

काल पाऊस उघडला तेव्हा उरलेलं खत उपसलं. सासूबाई खड्ड्याच्या काठावर सूप घेऊन बसल्या. पूर्वीसारखी सरसकट कोंबड्यांपुढे नाही. एकेक अळी सुपात टाकायची आणि बघत राहायचं. कुशीवर पडून वळवळली की कोंबड्यांना. उताणी होऊन चालायला लागली की खड्ड्यात परत. "ही आमची," म्हणतात. मास्तर, देव बरें करूं.

घाटावरचा | २९ जून, सकाळी ७.००

हुमणी सुपात कशी वागते, बघून सांगतो.